मासा चढतोय, वाट सोडा

मृग लागतो, चार-दोन दमदार सरी पडतात, ओढ्यांना तांबडं पाणी येतं आणि पवन, नाणे, आंदर अशा तिन्ही मावळांत एकच हाक उठते: मासे चढले! त्या रात्री भातखाचरांच्या बांधांवर बॅटऱ्यांचे झोत फिरतात. कुणाकडे पाग असतो, कुणाकडे बांबूच्या कामट्यांचा सापळा, कुणाकडे नुसती गोणी किंवा जुनी मच्छरदाणी. शनिवार-रविवार असला तर पुण्या-मुंबईच्या गाड्याही साकवाजवळ रांगेने उभ्या राहतात. चढणीच्या माशांची ही धांदल मावळाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि ती कुणी एका फतव्याने बंद करू शकणार नाही. पण ती कशी करावी, कुठे करू नये आणि ओढ्याचा तळ कसा शाबूत ठेवावा, हे ठरवणं मात्र आपल्या हातात आहे.

आधी मासा चढतो कशाला, ते पाहू. धरणात, डोहात उन्हाळा काढलेली मादी पोटात अंडी घेऊन उथळ, ताज्या, वाहत्या पाण्याकडे निघते. काही जाती खाचरातल्या गवतात अंडी घालतात, काहींची अंडी प्रवाहाबरोबर वाहत जातात, तर काहींना दगडगोट्यांचा तळच लागतो. महशीर या तिसऱ्या प्रकारातला. त्याची अंडी जड असतात, ती बुडतात आणि गोट्यांच्या फटींत जाऊन बसतात. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पण लगेच पोहत नाहीत. पोटाशी असलेल्या बलकावर गुजराण करत आणखी जवळपास आठवडाभर ती उजेडापासून लपून तळाच्या सांदीकोपऱ्यात पडून असतात. म्हणजे अंडं पडल्यापासून साधारण दहा दिवस त्या जिवाचं सगळं जग म्हणजे वितीएवढी खोल खडी. त्या खडीवरून शिसं लावलेलं जाळं ओढलं, दहा माणसं चालली किंवा वरच्या प्लॉटचा मुरूम वाहून येऊन फटी बुजल्या, की तिथला हंगाम संपला. मासा न मारताही पिढी मारता येते ती अशी.

आणि तळाला चिकटून जगणारे मासे आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. खंडाळ्याच्या ओढ्यातला, दगडाला धरून राहणारा एक बोटभर मासा 1919 साली नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी शास्त्राच्या नोंदीत आणला. पॅराप्सिलोरिंकस टेंटॅक्युलॅटस हे त्याचं नाव. ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस या छोट्या मिशाळ माशाच्या नावात तर पुणेच आहे. त्याच्या छातीवर घड्या असलेली चकती असते आणि तिच्या जोरावर तो धबधब्यासारख्या पाण्यातही खडक सोडत नाही. आपल्या भागातला महशीर, टॉर खुद्री, कर्नल साइक्सने 1839 मध्ये वर्णन केला तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यांवरून. एकट्या इंद्रायणीत माशांच्या पन्नासहून अधिक जाती अभ्यासकांनी नोंदल्या आहेत. बाजारात विकली जाणारी नावं त्यातली दहा-बाराच. बाकीचे कुणाच्या ताटात येत नाहीत, म्हणून कुणाच्या हिशेबातही येत नाहीत.

समुद्रावरची माणसं या बाबतीत आपल्यापुढे आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. कायदा येण्याआधीपासून कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेआधी होडी लोटत नसत. मालवणात 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची प्रवाळं आणि खडकाळ तळ राखणं हा त्यामागचा एक हेतू. ट्रॉलर तळ खरवडत जातो, हे तिथल्या पारंपरिक मच्छीमाराला कुणी शिकवावं लागत नाही. पण मालवणची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: नियम वरून आला, गावाला विश्वासात घेतलं गेलं नाही, म्हणून तेच मच्छीमार अभयारण्याच्या विरोधात उभे राहिले. घाटावर आपण काही ठरवणार असू तर ही चूक टाळायला हवी.

आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. समुद्र बंद असतो तेव्हाच ओढ्यांवर गर्दी होते. त्यातच आषाढ. श्रावण लागायच्या आत जेवढं खाऊन घेता येईल तेवढं खायचं, ही आपली रीत. लोणावळ्याच्या बंगल्यांतल्या आखाड पार्ट्यांना तर कामशेतच्या नाक्यावरचा ताजा मासा हवाच असतो. श्रावण पाळल्याने उशिरा अंडी घालणाऱ्या महशिरासारख्या माशाला थोडी उसंत मिळते, पण मृग-आर्द्रात चढणारी बारकी जात तोवर निम्मी कढईत गेलेली असते. धर्म पाळणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की नदीच्या माशापुरता तरी श्रावण महिनाभर आधी सुरू करा.

बीज सोडून भागत नाही

हे बोलू लागलं की कुणीतरी म्हणतं, मासे कमी झाले तर मत्स्यबीज सोडा की. लोणावळ्याला हे वेगळं सांगायला नको. वळवण तलावाच्या काठी टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकात महशिराची कृत्रिम पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि शशांक ओगले यांच्या कामामुळे वळवणचं नाव देशभरच्या मत्स्यशास्त्रज्ञांना माहीत झालं. लाखो पिल्लं इथून निरनिराळ्या राज्यांत गेली. काम मोठं होतं, हेतू चांगला होता, त्याबद्दल शंका नाही.

पण त्यातलीच काही पिल्लं कर्नाटकात कावेरीत सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महशीर आहे, पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महशिरांपैकी एक. लोणावळ्याचा निळसर परांचा मासा तिथे फोफावला आणि मूळचा मासा मागे पडत गेला. 2018 मध्ये संशोधकांनी त्या मूळ माशाची ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की केली, तेव्हा तो अतिसंकटग्रस्त ठरला होता. आपला टॉर खुद्री मात्र त्याच सुमारास संकटग्रस्तांच्या जागतिक यादीतून खाली उतरला. आपल्या घरच्या माशाने दुसऱ्याच्या घरात केलेलं हे नुकसान लोणावळेकरांनी तरी विसरू नये. म्हणून वाढदिवसाला, पुण्यतिथीला, सीएसआरच्या फोटोसाठी नदीत बीज सोडायचा बेत असेल तर तो रद्द करा. रोहू, कटला, तिलापिया तर नाहीच, आणि महशीरही मत्स्यव्यवसाय विभागाला आणि जाणकाराला विचारल्याशिवाय नाही. घरातल्या टाकीतला कंटाळा आलेला सकर मासा ओढ्यात सोडणं ही दया नव्हे. पिल्लांना राहायला खडीच उरली नसेल, तर वरून कितीही बीज ओता, ते पुढच्या पावसापर्यंत टिकत नाही.

ओढ्यावर जाणार असाल तर

चढता मासा धरायचाच नाही, ही सर्वांत सोपी शिस्त. पहिला मोठा पाऊस झाल्यापासून निदान तीन आठवडे ओढा, मोरी, खाचर आणि साकवाखालची धार मोकळी ठेवा. मासा अंडी घालून परत उतरतो, तेव्हा भाद्रपदाच्या सुमाराला धरलात तर त्याने आपलं काम केलेलं असतं. एवढा धीर निघत नसेल तर किमान ओढा आडवा पूर्ण बंद करू नका. दगड रचून आणि सापळा लावून वाट अडवायची पद्धत आहे तिथे निम्मं पात्र उघडं सोडा, आणि उघडी बाजू खोल पाण्याची हवी, कोरड्या कडेची नव्हे.

मच्छरदाणी आणि साडीचं जाळं घरीच ठेवा. त्यात येतं ते बोटाच्या पेराएवढं पिल्लू, त्याचा रस्साही धड होत नाही. जाळ्याच्या आसातून तीन-चार बोटं सहज जावीत. तळाला घासत ओढायचं जाळं खडीच्या पट्ट्यात वापरूच नका. डोहाच्या खोल, चिखलट भागात कांडाळ लावा आणि सकाळी मोजून परत काढा. अडकून राहिलेलं नायलॉनचं जाळं महिनोन्‌महिने मासे, पाणसाप, कासवं मारत राहतं. ते कुणाचंही असो, दिसलं तर गुंडाळून वर आणा.

पाण्यात उतरायचंच झालं तर पाय खडकावर ठेवा, गोट्यांच्या पट्ट्यावर नाही. घोट्याएवढ्या, खळखळ वाहणाऱ्या पाण्याखालची स्वच्छ खडी ही सर्वांत नाजूक जागा, आणि नेमकी तीच ओलांडायला सोपी वाटते. खेकड्यांसाठी दगड उलटवलात तर तो होता तसा परत ठेवा, त्याच्या पोटाला चिकटलेली अंडी उन्हात उघडी पडतात.

गळ टाकणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा, म्हणजे नको असलेला मासा तोंड न फाटता सुटतो. आणि माशाला हात लावण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पुढे बुरशी धरते. पोट फुगलेली मादी आली की फोटोच्या भानगडीत न पडता पाण्यातच सोडा.

सुरुंग, विजेचा शॉक, ब्लिचिंग पावडर, कीटकनाशक यांबद्दल समजुतीची भाषा नको. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं गुन्हा ठरवलं आहे. मूळ कायद्यातली शिक्षा दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड अशी होती, हे वाचून हसू येतं खरं. पण बेकायदा स्फोटकं बाळगण्याचे कायदे वेगळे आणि बरेच कडक आहेत. स्फोटाचा आवाज आला तर 112 वर फोन करा, जागा आणि वेळ सांगा, स्वतः हटकायला जाऊ नका. आमच्याकडे गेळफळ किंवा रामेठ्याची साल ठेचून डोहात टाकायची जुनी पद्धतही होती. जुनी म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. आटलेल्या डोहात ती बारक्यासारक्या सगळ्यांना मारते.

जिवाची काळजी घ्या, हेही सांगायला हवं. 30 जून 2024 ला भुशी धरणामागे एकाच कुटुंबातली माणसं क्षणात वाहून गेली, आणि पुढच्याच जूनमध्ये कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला. चढणीच्या माशांचे दिवस आणि ओढा फुगण्याचे दिवस एकच असतात.

धरणांच्या जलाशयांबाबत एक वेगळी सूचना. पवना, आंद्रा, वडिवळे अशा पाण्यात उतरण्याआधी तिथला मासेमारीचा हक्क कोणत्या मच्छीमार संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे आहे, हे गावात विचारा. वळवण, शिरवता, ठोकरवाडी हे टाटांचे तलाव, तिथे परवानगीचा प्रश्न कंपनीकडे. मोकळं पाणी दिसलं म्हणून ते मोकाट नसतं.

कातकऱ्याच्या जाळ्याकडे बोट दाखवण्याआधी

असे नियम लिहिताना एक धोका असतो. ते सर्वांत आधी लागू होतात सर्वांत गरिबाला. पावसाळ्यात वीटभट्टीचं काम बंद असतं, शेतमजुरी आठवड्यातून दोन दिवस, अशा वेळी कातकरी बाई ओढ्यातून संध्याकाळपुरते मासे-खेकडे आणते. तिच्या टोपलीने नदी रिकामी होत नाही. वनहक्क कायदा, 2006 मधल्या सामूहिक हक्कांमध्ये पाणवठ्यांतले मासे आणि इतर उत्पन्न यांचा स्पष्ट उल्लेख आहे, हे ग्रामपंचायतीने बंदीचा फलक लावण्याआधी वाचावं. शिवाय कोणत्या वळणावर महशीर थांबतो, कोणता डोह मे महिन्यातही आटत नाही, हे ज्ञान तिच्याच घरात आहे. गावाने डोह राखायचा ठरवला तर राखणदारीचं मानधन कातकरी, ठाकर वस्तीतल्या लोकांना द्या. फुकट उपदेश करू नका.

ज्यांना खरोखर आवर घालायला हवा ते दुसरे आहेत. एक, विकण्यासाठी रात्रभर पोती भरणारे. त्यांना थांबवायचा उपाय तुमच्या खिशात आहे: जून-जुलैत नदीचा गाबोळी असलेला मासा विकत घेऊ नका. गाबोळीला जास्त भाव मिळतो म्हणूनच पोटुशी मादी आधी उचलली जाते. त्या दिवसांत शेततळ्यातला रोहू, कटला, पंगस खा. चव थोडी कमी, हे कबूल.

दुसरे, ओढ्यात जेसीबी उतरवणारे. हा आपल्या मावळातला ट्रॉलर. फार्महाउसच्या पायवाटेसाठी पात्र सपाट करणं, वाळू-गोटे उपसणं, ओढा 'साफ' करून सरळ करणं, यात एका दुपारी जे नष्ट होतं ते सगळ्या गावाच्या जाळ्यांनी दहा वर्षांत होणार नाही.

तुमचं लोणावळ्याजवळ घर किंवा प्लॉट असेल तर पुढचं नीट वाचा. डोंगर कापणं, मुरूम पसरणं ही कामं मे अखेरपर्यंत संपवा आणि उघडी माती पावसाआधी गवताने, दगडी बांधाने अडवा. बांधकामाचा राडारोडा ओढ्याकाठी रचू नका. रस्त्याखाली सिमेंटचा पाइप टाकताना त्याचं खालचं तोंड ओढ्याच्या तळाच्या थोडं आत गाडलेलं हवं. ते हवेत लटकत राहिलं, त्यातून पाणी वीतभर उंचीवरून पडत असलं, की लहान मासा तिथेच अडतो. असा पाइप आधीच असेल तर तोंडाखाली मोठे दगड पायऱ्यांसारखे रचून पाणी वर आणा, गवंड्याला अर्ध्या दिवसाचं काम आहे. काठावरची वाळुंज, करंज, उंबर आणि पात्रातली शेरणीची झुडपं 'घाण' म्हणून तोडू नका. शेरणीची मुळं पुरात गोटे धरून ठेवतात.

एक डोह राखायचा झाला तर

उन्हाळ्यात नदी तुटते, डोह तेवढे उरतात आणि नदीतला सगळा संसार त्यांत गोळा होतो. जो डोह एप्रिल-मेमध्ये वाचतो, तिथूनच जूनमध्ये मासा चढतो. पूर्वजांनी हे ओळखलं होतं. देहूला इंद्रायणीच्या डोहात मासे धरत नाहीत. महाड तालुक्यात वाळणकोंडीला वरदायिनीच्या श्रद्धेने महशीर राखला गेला, वाडा तालुक्यात तिळसेश्वराजवळ वैतरणेत तसंच. देवाच्या नावाने राखलेल्या या जागांना कुंपण नाही, तरी त्या टिकल्या, कारण जागा छोटी, नियम एकच आणि बघणारे डोळे रोजचे. त्यांची कमजोरीही एकच: देवाला माशाची राखण जमते, वरून येणारं सांडपाणी अडवणं जमत नाही. इंद्रायणीचा फेस पाहिलेल्यांना हे सांगायला नको. भाविकांनी एवढं तरी करावं: पाव, बिस्किटं, प्लास्टिकच्या पुड्या टाकू नयेत.

श्रद्धेला आता कायद्याचीही जोड देता येते. जैवविविधता कायदा, 2002 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही तिने ठेवायची असते. बहुतेक गावांत ती कपाटात असते. ती काढा आणि डोहाचं नाव, उन्हाळ्यातली खोली, तिथे दिसणारे मासे, अंडी घालायच्या खडीच्या जागा एवढं लिहा. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या एका छोट्या माशाचं शिस्तुरा हिरण्यकेशी असं 2020 मध्ये नामकरण झालं, आणि लगेच पुढच्या वर्षी शासनाने तिथली 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. म्हणजे बोटाएवढ्या माशासाठी, पाच एकरांवर, हे होऊ शकतं.

सुरुवात मोठ्या क्षेत्राने करू नका. एक डोह, त्याच्या वरचा एक खडीचा पट्टा आणि चढणीचा एक ओढा पुरे. ठरावात बंदीचे दिवस, जागेच्या खुणा आणि कुणाला काय मुभा हे तिन्ही स्पष्ट हवं: "साकवापासून उंबरापर्यंत, बारा महिने मासेमारी नाही, ओढ्यात मृग ते आषाढ अखेर नाही, वस्तीतल्या कुटुंबांना घरापुरते खेकडे धरायला मुभा." ठरावाची प्रत वडगावला तहसीलदारांकडे आणि पुण्याला मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांकडे पाठवा. पहिल्या पावसानंतर मासे मरून तरंगताना दिसले तर वेळ लिहून, फोटो काढून, स्वच्छ बाटलीत पाणी भरून त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा, दुसऱ्या दिवशी नदी पुरावा धुऊन नेते.

आणि हा ठराव 1 मेच्या ग्रामसभेत मांडा. पावसाला महिना बाकी असतो, डोह आटून त्याच्या खुणा उघड्या दिसत असतात आणि शहरात कामाला गेलेली मंडळीही सुट्टीला गावात असतात. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत थांबलात तर त्या वर्षीचा मासा चढून गेलेला असेल.